रोलचा कॅमेरा, वाचनालयाचा अंक आणि थोडी उधारी

मिरजेत आमचं मेडिकल आहे. काउंटरखालच्या खणात एक लांबुडकी वही असते, उधारीची. डी. फार्म. करून मी दुकानात बसायला लागले तेव्हा बाबांनी पहिला धडा दिला तो या वहीचा. रोखीचं गिऱ्हाईक पैसे टाकून जातं, संध्याकाळी त्याचा चेहराही आठवत नाही. उधारीचं गिऱ्हाईक परत येतं. कधी फेडायला, कधी आणखी थकवायला, पण येतं. आल्यावर दोन मिनिटं टेकतं, गुडघ्याचं काय झालं ते सांगतं, जाताना "लिहून ठेव गं" म्हणतं.

प्रवासात कुणाशी सूत जुळावं असं मनात असेल, तर माझं सांगणं एवढंच आहे: काहीतरी येणं-देणं बाकी राहील अशा वस्तू बरोबर घ्या. माझ्या दोन आहेत. मामाचा रोलचा कॅमेरा आणि वाचनालयाचा दिवाळी अंक. गेली सहा वर्षं मी वर्षातून दोनदा एकटी फिरते. मैत्रिणी विचारतात, "तुला बरी माणसं भेटतात, आम्हाला रांगेत ढकलणारेच कसे भेटतात?" त्यांना प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. उदाहरण हंपीचं देते, कारण तिथे माझं सगळं बरोबर जमलं आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच झाली.

आधी कॅमेरा.

माझा आहे झेनिट-ई. सोव्हिएत माल. लोखंडाच्या खलबत्त्यासारखा जड, आणि गळ्यात अडकवून दिवसभर फिरलं की रात्री मानेला बाम लावावा लागतो. समोर लेन्सच्या वर मधमाशीच्या पोळ्यासारखी सेलेनियमची पट्टी आहे, ती उजेड मोजायची. माझ्याकडे आला तोवर ती मेली होती. त्यामुळे उजेडाचा अंदाज मलाच बांधावा लागतो. तो अवघड नाही. कडक ऊन असेल तर लेन्सचा आकडा, म्हणजे उजेड आत यायचं भोक केवढं उघडायचं तो, १६ वर आणि शटरचा वेग रोलच्या डबीवरच्या आकड्याच्या जवळपास. रोल ४०० चा असेल तर १/५०० सेकंद. हंपीच्या दुपारी या दोन्हींना हात लावावा लागत नाही. ढग आले की ११ किंवा ८, सावलीत ५.६, नाहीतर ४. दिवस मावळला की पिशवीत टाकायचा, कारण या कॅमेऱ्यात १/३० पेक्षा हळू वेगच नाही, त्यापुढे थेट बोटानं शटर धरून ठेवायचं.

प्रेमाच्या गोष्टीत हे आकडे कशाला? सांगते. ज्याला हे आकडे पाठ असतात त्याचे हात गडबडत नाहीत. तो यंत्राकडे बघत बसत नाही, माणसाकडे बघतो. समोरच्याला तुमचा कॅमेरा कितीचा आहे ते कळत नाही, हात मात्र दिसतात. म्हणून नवीन माणसानं महिनाभर रिकामा कॅमेरा घेऊन गच्चीवर सराव करावा. वाळत घातलेल्या साड्यांवर फोकस करावा. शेजारचे हसतील, हसू देत.

फोन का नको, असं विचाराल. फोननं काढलेला फोटो हा रोखीचा व्यवहार. काढला, दाखवला, पाठवला, संपलं. रोलचा फोटो मात्र काढला तरी कुणालाच दिसत नाही. तो धुवायला जातो, दहा-बारा दिवस लागतात, मग तो पाठवायचा कुठे हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नातच आपलं सगळं काम आहे. लगेच कागदावर छापून देणारे ते झटपट कॅमेरेही माझ्याकडे एकदा आले होते, एका पाकिटात दहा फोटो. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या आजीला किंवा नावाड्याच्या पोरीला हातात फोटो द्यायला त्याच्यासारखी वस्तू नाही. पण तोही रोखच. हिशेब जागच्या जागी मिटतो.

दुसरं म्हणजे रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात. एका रोलच्या पैशात मिरज-होस्पेट स्लीपरनं जाऊन-येऊन होईल, म्हणून माणूस आपोआप हात राखून वागतो. आणि "माझ्याकडे अकराच उरलेत, त्यातला एक तुमचा काढू?" या प्रश्नाला नाही म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. आमच्या आईला हे पटत नाही. तिच्या डोक्यात छत्तीस म्हटलं की एकतर पत्रिकेतले गुण, नाहीतर माझा आणि लग्नाचा आकडा.

आता मुलग्यांसाठी थोडं कडक बोलते, राग नसावा.

हेमकूट टेकडीवर संध्याकाळी सगळे सूर्यास्ताला जमतात. विरूपाक्ष मंदिराला लागूनच आहे, चढ फार नाही, जुनी दगडी देवळं विखुरलेली आहेत. तिथे एक जण कोपरापासून मनगटापर्यंत लांब लेन्स लावून खडकावर बसला होता. सूर्य पश्चिमेला आणि त्याची लेन्स दर दोन मिनिटांनी आमच्याकडे. त्याला वाटत होतं की कुणाला कळत नाही. बायकांना पाठीलाही डोळे असतात, ते लहानपणी बसस्टॉपवरच फुटतात. थोड्या वेळानं तो उठून आला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझाच फोटो दाखवला आणि म्हणाला, "छान कँडिड आलाय, नंबर द्या, पाठवतो." फोटो खरंच चांगला होता. मी तो माझ्यासमोर पुसायला लावला. मी मागितलं नाही ते माझ्या वहीत लिहून वर वसुलीला येणारा माणूस मला दुकानातही चालत नाही.

तेव्हा नियम साधा आहे. बाईचा, मुलीचा, कुणाचाच फोटो न विचारता काढायचा नाही. लांबून तर नाहीच. एकदा नाही म्हटलं की कॅमेरा खाली, आणि आपण दुसऱ्या खडकावर. तरीही मागे मागे फिरणं, संपर्काचा आग्रह धरणं हा आपल्या कायद्यात २०१३ पासून गुन्हा आहे. मला मात्र वाटतं, कायद्याच्या आधी माणसाला आपली आपणच लाज वाटावी.

मग कॅमेरा वापरायचा कसा? माझी युक्ती उलटी आहे. मी दुसऱ्याचा फोटो मागत नाही, माझा कॅमेरा त्याच्या हातात देते. "माझा एक काढाल?" फोन कुणीही कुणाच्याही हातात देतं, त्यात काही नाही. पण हे जुनं धूड हातात आलं की माणूस गंभीर होतो. कुठून बघायचं, काय दाबायचं, सगळं विचारतो. तुम्ही सांगता: इथून बघा, आधी सगळं धूसर दिसेल, ही रिंग फिरवत राहा, मी स्वच्छ दिसायला लागले की थांबा. तो थांबतो. मिनिटभर तो तुमच्याकडे अशा लक्षानं बघतो जसं चारचौघांत कुणी कुणाकडे बघत नाही, आणि त्याला त्याचं कारणही मिळालेलं असतं. मग शटर पडतं. झेनिटचं शटर पडतं म्हणजे दुकानाचं शटर पडतं, "खटाक!" नवखा माणूस दचकतो आणि म्हणतो, "मोडलं काय?" इथे दोघंही हसतात. मी सहा वर्षांत हे वाक्य चार भाषांमध्ये ऐकलंय.

एक पथ्य. शिकवताना हातावर हात ठेवायचा नाही. सिनेमात ठेवतात. तोंडानं सांगितलं की कळतं.

आता पुस्तक.

कॅमेरा घेऊन आपण लोकांकडे जातो. पुस्तक घेऊन एका जागी बसायचं असतं आणि लोकांना यावंसं वाटलं तर यायला वाट ठेवायची असते. पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं. गोकर्णला ओम बीचवर मी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन बसले होते, पाचशेच्या वर पानं, मुखपृष्ठ देखणं. बंगळूरचा एक मुलगा समोरच्या टेबलावरून उठून आला. त्याची ती फार आवडती कादंबरी निघाली. त्यानं उत्साहानं विचारलं, धाकट्या भावानं जे केलं ते बरोबर होतं का? मी एकोणिसाव्या पानावर होते. मला त्या घरात दोन भाऊ आहेत हेच माहीत नव्हतं. मी "तसं अवघडच आहे म्हणा" असं काहीतरी बोलले. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि गेला.

तेव्हापासून माझी यादी पक्की झाली आहे. न वाचलेलं पुस्तक मिरवायचं नाही. श्रीमंत कसं व्हावं छापाचं पुस्तक धरलं की विम्याचे एजंट येतात, हा माझा हुबळी स्टेशनवरचा अनुभव. स्पर्धा परीक्षेचं गाईड धरलं की लोक कणव करतात. ई-बुकच्या पाटीवर काय वाचताय ते समोरच्याला दिसत नाही, म्हणजे दुकान उघडं आणि पाटी बंद. कवितासंग्रह माझ्या आवडीचा, पण मध्येच एखादी वाचून दाखवेल या भीतीनं लोक चार हात लांब राहतात.

दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला काढला, तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत फराळाइतकीच याची सवय आहे. त्यात कथा असते, लेख असतो, व्यंगचित्रं असतात, सराफांच्या पानभर जाहिराती असतात आणि बऱ्याच अंकांत शेवटी वर्षाचं राशिभविष्य असतं. कुठूनही उघडा, कुठेही मिटा. समोरच्यानं विचारलं, "काय वाचताय?" तर पाचशे पानांचं कथानक सांगावं लागत नाही. व्यंगचित्र पुढे करायचं. आणि राशिभविष्याचा विश्वास नसला तरी चालतो. "तुमची रास कोणती?" हा प्रश्न एरवी विचारला तर आगाऊपणा वाटेल. हातात अंक असेल तर ती नुसती वाचनसेवा.

शिवाय परमुलखात मराठी अंक हा झेंड्यासारखा काम करतो. बाकीच्यांना ती हिंदी वाटते. आपल्या माणसाला लांबूनच कळतं. बेळगाव, धारवाड, गोवा, इंदूर, बडोदा, कुठलंही मराठी माणूस अंक दिसला की पाय घुटमळवतं.

पण अंक विकतचा नको. वाचनालयाचा हवा. का ते पुढे येईल. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरली की आमच्या वाचनालयात आठ दिवसांसाठी एक अंक मिळतो. पहिल्या पानावर गोल शिक्का, त्यात पत्ता. मागे तारखेची चिठ्ठी. उशीर झाला तर रोजचे दोन रुपये.

आता जागा. हंपीत गाद्या टाकलेली खाण्याची ठिकाणं आहेत, तिथे लोळून वाचायला फार सुख आहे, पण तिथे जो तो फोनमध्ये बुडालेला. उन्हात तिथे जावं, जेवावं, झोपावं, सूत जुळायची अपेक्षा ठेवू नये. मातंग टेकडीवर पहाटे सूर्योदयाला जातात ते सगळे धापा टाकत असतात, कुणी बोलायच्या अवस्थेत नसतं. दगडी रथापुढे प्रत्येक जण पन्नासची नोट हातात धरून नोटेवरचा रथ आणि खरा रथ एका ओळीत आणायच्या खटपटीत असतो. तिथे कॅमेरा असलेल्या माणसाला फुकटचा फोटोग्राफर समजतात. मला सगळ्यात बरी वाटते ती हेमकूटवरची एखाद्या लहान देवळाची पायरी, साडेचारच्या सुमाराला. ऊन उतरलेलं असतं, गर्दी यायची असते. एका बाजूला कॅमेरा, मांडीवर अंक, शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी. पिशवी त्या जागेवर ठेवायची नाही. ही चूक पुष्कळ जणी करतात.

मी अशीच बसले होते. होस्पेटला आदल्या रात्री हरिप्रिया एक्स्प्रेसनं उतरले होते. मिरजेला बसलं की बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग करत ही गाडी न बदलता होस्पेटला सोडते, पुढे हंपी तेरा किलोमीटर.

"या वर्षीचा का?" असं मराठीत कुणीतरी विचारलं. सूर कानडी, शब्द आपले. धारवाडचा होता, शेतकी विद्यापीठात बियाण्यांवर काम करणारा. आमच्याकडे अंक यायला डिसेंबर उजाडतो, म्हणाला. मी अंक त्याच्याकडे सरकवला. तो थेट शेवटच्या पानांवर गेला, म्हणजे मला विचारायचीही गरज पडली नाही. रास वृश्चिक. नोव्हेंबर महिन्यापुढे लिहिलं होतं, जलप्रवास शक्यतो टाळावा. त्यानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि उद्या सकाळी हरिगोलूत बसायचा बेत असल्याचं सांगितलं. हरिगोलू म्हणजे तिथली टोपलीसारखी गोल होडी.

इथे पहिल्या दिवशी थांबायचं. हा माझा आग्रह आहे. गप्पा रंगात आल्या की आपल्याला वाटतं, जेवायला एकत्र जाऊ, रात्री नदीकाठी बसू. नको. भूक राखून उठावं. आणि एकट्या बाईनं आपण कुठे उतरलोय ते पहिल्या संध्याकाळी सांगू नये, समोरचा कितीही बियाण्यांवर काम करत असला तरी. मी म्हटलं, उद्या सकाळी विरूपाक्षात या, देवळात एक कॅमेरा आहे तो दाखवते.

तो आला. विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या अंगाला एक अंधारी जागा आहे. भिंतीतल्या लहानशा फटीतून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेच्या नऊ मजली गोपुराची सावली पडते, उलटी, कळस खाली. लोक चमत्कार म्हणून हात जोडतात. तसं बघितलं तर झेनिटच्या पोटात रोलवरही चित्र असंच उलटं पडतं. लहान भोकातून आलेला उजेड सरळ रेषेत जातो, वरचा खाली नि खालचा वर. मी त्याला म्हटलं, आपण आत्ता कॅमेऱ्याच्या आत उभे आहोत. तो काही बोलला नाही, बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिला. मागून रांग ढकलत होती. मला तेव्हा वाटलं की याला पाच फोटो द्यायला हरकत नाही.

हेच मी म्हणते. गावाबद्दल एक गोष्ट आपल्याला नीट माहीत असावी, आणि ती आपल्या हातातल्या वस्तूशी जोडलेली असावी. दहा गोष्टी माहीत असल्या तर माणूस गाईड होतो आणि गाईडच्या प्रेमात कुणी पडत नाही. मग नदीकाठच्या पायवाटेनं आम्ही विठ्ठल मंदिराकडे निघालो. वाटेत कोदंडरामाच्या देवळाजवळ हरिगोलू होती, बसलो, नावाड्यानं मध्यावर नेऊन ती गरगर फिरवली, वृश्चिक राशीला काही झालं नाही. मी मात्र काठाला घट्ट धरून होते. विठ्ठल मंदिरात तो म्हणाला, इथे विठ्ठलच नाही. गाभारा रिकामा आहे, खरंय. आपल्याकडे सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरपूरची मूर्ती इकडे आणली आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, ती परत नेली. त्याच्या आजीनं त्याला ही गोष्ट कानडीत सांगितली होती, मला माझ्या आजीनं मराठीत. दोघींचा विठोबा मात्र शेवटी पंढरपुरालाच पोचत होता. तिथे मी त्याच्या हातात कॅमेरा दिला. रिंग फिरवा, मी स्वच्छ दिसले की थांबा. त्यानं फार वेळ लावला. खटाक. "मोडलं काय?"

आता उधारीचा भाग. सगळ्यात महत्त्वाचा आणि करायला दोन मिनिटांचा.

निघताना मी त्याचा टपालाचा पत्ता घेतला, फोटो पाठवायला. आणि अंक त्याच्याकडे ठेवला, कारण एका दीर्घकथेची त्याची अर्धी पानं राहिली होती. "वाचून झाला की पाठवा, पत्ता शिक्क्यात आहे." फोन नंबर त्यानं मागितला नाही, मी दिला नाही. यातली सोय लक्षात घ्या. माझ्याकडे त्याचा पत्ता, म्हणजे मला नको वाटलं तर मी फोटो पाठवून विषय संपवू शकते, नाहीतर तेही नाही. त्याच्याकडे वाचनालयाचा पत्ता, माझा नव्हे. त्याला नको वाटलं तर अंक पार्सल करून मोकळा. दोघांनाही दार उघडं आणि कुणालाच "नाही" असं तोंडानं म्हणायची वेळ नाही. नंबर दिला की हे उरत नाही. मग निळ्या खुणा, शेवटचं कधी दिसला, सगळा ताप.

ज्यांना वाचनालय नाही त्यांनी मित्राचं पुस्तक घ्यावं, पहिल्या पानावर मित्राचं नाव असलेलं. स्वतःचं विकतचं पुस्तक दिलं तर तो माणूस म्हणतो, ठेवतो मी आठवण म्हणून, आणि झाली ती भेटवस्तू. भेटवस्तू परत येत नसते.

आता माझी चूक, कारण ती तुम्हीही कराल.

रोल पुण्याला धुवायला पाठवला. बारा दिवसांनी स्टुडिओतून फोन. "मॅडम, रोल कोरा आहे." सगळाच्या सगळा. गोपुर नाही, नदी नाही, धारवाडचे पाच नाहीत. झालं असं की मी रोल भरताना त्याची जीभ आतल्या रिळात नीट अडकवलीच नव्हती. मी लिव्हर ओढत होते, आकडा पुढे सरकत होता, शटर खटाक करत होतं, आणि रोल मात्र आपल्या डबीत मुकाट बसून होता. म्हणून पाठ करून ठेवा: रोल भरल्यावर डाव्या बाजूची गुंडाळायची कळ हलक्या हातानं उलटी फिरवून रोल ताणून घ्यायचा, आणि मग दर वेळी लिव्हर ओढताना ती कळ आपोआप फिरतेय का ते बघायचं. फिरली तर रोल सरकतोय. नाही फिरली तर तुम्ही हवेचे फोटो काढताय. छत्तीस झाल्यावरही लिव्हर ओढला जात राहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण त्या वेळी माझं लक्ष कळीकडे नव्हतं.

चार दिवस मी काहीच केलं नाही. मग पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणलं. त्यावर लिहिलं की फोटो आले नाहीत, रोल अडकलाच नव्हता, चूक माझी, तुमचं देणं राहिलं. पोस्टकार्डच का? एक तर त्यावर जास्त लिहिता येत नाही, त्यामुळे रडगाणं होत नाही. दुसरं, ते पोस्टमनपासून त्याच्या आईपर्यंत सगळे वाचणार असतात, त्यामुळे माणूस नीट लिहितो. माझी अशी पद्धत आहे की बातमी वाईट असली तर सरळ सांगायची. गिऱ्हाइकाला "औषध उद्या येईल" असं आठ दिवस सांगणारा दुकानदार मला चालत नाही.

उत्तर आलं नाही. इकडे वाचनालयात अंकाची मुदत संपून गेली. माझ्यामागे नंबर लावून बसलेल्या एक आजी दोनदा दुकानात येऊन गेल्या, बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि जाताना "तो अंक?" एवढंच म्हणाल्या. मी रोज दोन रुपये मनात मोजत होते.

एका शनिवारी दुपारी काउंटरसमोर तो उभा. वाचनालयात जाऊन शिक्क्यावरच्या पत्त्यावर चौकशी केली, तिथल्या बाईंनी "मेडिकलवाली ना?" म्हणून थेट दुकान दाखवलं. म्हणजे माझी सगळी सावधगिरी मिरजेच्या एका वाक्यात संपली. हातात धारवाडी पेढ्यांचा पुडा, काखेत अंक. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत गोदामात काहीतरी शोधायला निघून गेले.

आम्ही दोघं वाचनालयात गेलो. बाईंनी अंक उलटसुलट करून बघितला, चिठ्ठी बघितली. तेवीस दिवस उशीर, सेहेचाळीस रुपये. मग शेवटची पानं उघडली आणि चष्मा वर केला. वृश्चिकेच्या नोव्हेंबरपुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "साफ खोटं." "अंकावर लिहायचं नसतं, माहीत नाही?" त्यानं मान खाली घालून खोडरबर मागितलं आणि टेबलाच्या कडेला उभं राहून खोडलं. बाईंनी विचारलं, दंड कुणाच्या नावावर टाकू? तो म्हणाला माझ्या. तुम्ही सभासद नाही, म्हणाल्या, आणि माझ्या खात्यावर टाकला. त्यानं पाकीट काढलं तर पाचशेची एकच नोट, आणि बाईंकडे सुटे नव्हते. मी भरले.

ते सेहेचाळीस रुपये अजून यायचेत.